मृत्युलेखातली कापलेली ओळ

मी, गुणवंत रामचंद्र आयरे, वय अडुसष्ट, मूळ राहणार चिपळूण, सध्या राहणार शारजा, एका इंग्रजी दैनिकाचा निवृत्त वृत्तसंपादक, माझ्यामागे काय व्हावे हे कोणाच्याही दबावाशिवाय येथे लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शारजात दारू मिळत नाही, त्यामुळे शुद्धीत असल्याचा वेगळा दाखला लागू नये. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. चिपळूणचा फ्लॅट माझी पत्नी सौ. साधना हिला मिळावा व तिच्या पश्चात कन्या ईश्वरी हिला. गच्चीच्या गळतीवरून सोसायटीशी चालू असलेला वाद दोघींनी मिटवावा. बाजू आपलीच बरोबर आहे, तरीही मिटवावा.

२. बँकेतील सर्व ठेवी साधनाला. ईश्वरीला विचारले तेव्हा ती "बाबा, आय डोन्ट नीड इट" म्हणाली. तिच्या शब्दाचा मान राखून तिला ठेवींऐवजी फक्त माझी जुनी गाडी देत आहे. संध्याकाळच्या वेळी दुबईहून शारजाला ती तिने एकदा चालवत आणावी, म्हणजे लहानपणी तिचा बाप जेवायला घरी का नसायचा ते तिला कळेल.

३. आता मुख्य गोष्ट. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रे त्यांच्या हयातीतच लिहून ठेवतात. आमच्या दैनिकात इराणचे सेनाधिकारी फरामर्झ दश्तियारी यांचा मृत्युलेख माझ्याकडे होता. त्यांना बढती मिळाली की तो मी वाढवायचो. अशी बावीस वर्षे गेली.

मी तो पहिल्यांदा लिहिला तेव्हा दश्तियारी रिअर अ‍ॅडमिरल झाले होते. मग संरक्षण खात्यात उपमंत्री झाले, पुढे राष्ट्रीय सुरक्षेच्या वर्तुळात इतके वर गेले की त्यांच्या सहीशिवाय सामुद्रधुनीत काही हलत नाही असे लोक म्हणत. अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा एक परिच्छेद वाढला. त्यानंतर काही वर्षांनी ते अबू धाबीला पाहुणे म्हणून आले आणि शेजारधर्मावर बोलले, तेव्हा दुसरा वाढला. मी हे सगळे नेकीने लिहिले. माणूस हुशार होता, तेही लिहिले.

पण या कारकिर्दीची पहिली पायरी अशी. १९९४ साली दश्तियारी बंदर अब्बासच्या गस्ती नौकांचे कप्तान होते. दुबईच्या क्रीकमधून निघालेल्या एका लाँचवर त्यांच्या नौकांनी गोळीबार केला. तीन खलाशी मेले. गुहागरचा भिकाजी पालशेतकर, वेळणेश्वरचा नीलेश नाटेकर आणि सलायाचा तहा. भिकाजी माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, नर्मदेचा नवरा. लाँचचा तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, वाचला. तो मला क्रीकच्या धक्क्यावर म्हणाला, "साहेब, इंजिन बंद केलं होतं. भिकाजीनं अंगातला बनियन काढून काठीला बांधून हलवला. आणखी काय करायचं होतं आम्ही?"

लाँचवर फ्रीज होते, ब्लँकेटे होती आणि तांदूळ होता. सगळ्या मालावर दुबई कस्टमचा शिक्का होता. दश्तियारींनी मात्र 'तीन तस्कर ठार' असे निवेदन काढले. त्या मोहिमेबद्दल त्यांना पदक मिळाले. वृत्तसंस्थेकडून आलेले ते निवेदन आमच्या दैनिकाने जसेच्या तसे छापले. मी तेव्हा व्यापाराच्या पानावर होतो, सकाळी अंक हातात आल्यावर वाचले. रत्नागिरीच्या पेपराने आमचा हवाला देऊन तेच उचलले आणि गावात नर्मदा तस्कराची बायको झाली. पुढे काही वर्षांनी तिच्या थोरल्या मुलीचे जमलेले लग्नही त्यावरून मोडले. बातमी छापून आली तेव्हाच मी दुरुस्ती मागितली होती. तेव्हाचे संपादक म्हणाले, "वृत्तसंस्थेने दुरुस्ती पाठवली की आपण देऊ." वृत्तसंस्थेला हे सांगायला गेलो, तोही मीच. त्यांनी "निवेदन सरकारचे आहे" असे कळवले.

म्हणून मृत्युलेखात मी एक ओळ घातली: ठार झालेले तिघे तस्कर नव्हते, ते परवान्याचा माल नेणारे खलाशी होते. ती ओळ दर वेळी कापली गेली. कापणारा माझा मित्र हारुन परकार, श्रीवर्धनचा, माझ्यानंतर रुजू झाला आणि माझ्यावरचा संपादक झाला. आमचे बोलणे साधारण असे व्हायचे.

"अरे गुणवंत, आठशे शब्दांत चाळीस वर्षं बसवायचीत. तुझी ओळ कुठं कोंबू?"

"जिथं त्याचं पदक कोंबलंस, तिथं."

"पदक ऑफिशियल आहे, हबीबी. तुझा मेहुणा ऑफिशियल नाही. वरून विचारलं तर काय सांगू, घरचं प्रकरण आहे म्हणून?"

"तहा माझा कोण लागत होता? नीलेश कोण लागत होता?"

"खलास. चहा घे."

चहा मी घेतला. प्रत्येक वेळी घेतला. याचा मला आजही संताप आहे आणि तो कमी करण्याची माझी इच्छा नाही.

गेल्या वर्षी एका स्फोटात दश्तियारी गेल्याची बातमी आली. मी निवृत्त होतो, तरी आमच्या दैनिकाने माझा मृत्युलेख माझ्या नावानिशी संकेतस्थळावर टाकला. पदक होते, शेजारधर्म होता, ओळ नव्हती. नर्मदेने नातवाकडून मोबाईलवर तो वाचून घेतला आणि मला फोन केला. "दादा, तू लिहिलंयस म्हणतात. मग ह्यांचं नाव कुठाय?" दोन दिवसांनी दश्तियारी नमाजाच्या पहिल्या रांगेत बसलेले दिसले आणि दैनिकाने तासाभरात जाहीर माफी मागितली. तीस वर्षांत आमच्याकडून दुरुस्ती निघाली ती अशी!

सबब, दश्तियारी खरोखर जातील तेव्हा त्या लेखावर माझे नाव छापू नये. लेख कंपनीची मालमत्ता आहे असे एचआर कळवते. असू दे. नाव माझ्या बापाने ठेवलेले आहे.

४. माझ्या निधनानंतर दैनिकाने माझ्यावर दोन शब्द लिहू नयेत. साधनाने पैसे भरून निधनाच्या जाहिरातीची जागा घ्यावी, एक आमच्या इंग्रजी दैनिकात आणि एक रत्नागिरीच्या पेपरात. बातमी कापता येते. पैसे भरून दिलेल्या जाहिरातीला संपादक हात लावत नाही, हे मी इतकी वर्षे पाहिले आहे. जाहिरातीत माझा फोटो नको, वय नको, 'शोकाकुल परिवार' नको. मजकूर असा:

'भिकाजी पालशेतकर, नीलेश नाटेकर आणि तहा हे १९९४ साली समुद्रात मारले गेले. ते तस्कर नव्हते. ते फ्रीज, ब्लँकेटे आणि तांदूळ घेऊन चालले होते. कळवणार: गुणवंत आयरे, नर्मदेचा भाऊ.'

ईश्वरीचे म्हणणे, "बाबा, यात त्या ऑफिसरचं नेम का नाही? एक्स्पोज करा ना." नाही. त्याला आजवर पुरेशी जागा मिळाली आहे.

५. या मृत्युपत्राच्या अरबी भाषांतरात कलम चार संक्षिप्त करू नये. भाषांतरकाराने शब्दावर पैसे घेतले आहेत, त्याने शब्द द्यावेत.

६. व्यवस्थापक म्हणून ईश्वरीला नेमत आहे. रत्नागिरीचा अंक तिने स्वतः गावी जाऊन नर्मदाआत्याच्या हातात द्यावा आणि मराठीत वाचून दाखवावा. अडखळली तरी चालेल.

वरील मजकूर मला मान्य असून दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

गुणवंत रामचंद्र आयरे
शारजा, १२ डिसेंबर २०२५

साक्षीदार १: प्रज्ञा सुजीत केळसकर, शेजारी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: हारुन इस्माईल परकार. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, तरी वाचला. एकही ओळ कापलेली नाही.