वीस प्रश्नांचा कागद

परभणी
४ सप्टेंबर १९८७

ती. सौ. मल्लम्माअक्कास महानंदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, रागावू नको. भाऊजींना सांग, वसतिगृहाच्या वरणात डाळ अजून शोधावीच लागते.

एक गंमत सांगते. मानसशास्त्राच्या बाईंनी वीस प्रश्नांचा कागद वाटला. झोप लागत न्हाई का, उगीच रडू येतं का, आपण कुणाच्या कामाचे न्हाई असं वाटतं का. 'हो'ला एक गुण. नाव लिहायचं न्हाई, आपणच मोजायचं. बाई म्हणाल्या, हा कागद रोग सांगत न्हाई, कुणाशी बोलायची वेळ आली का एवढंच सांगतो. आठाच्या वर गेलं तर भेटा.

माझे तीन आले. खोलीतल्या मनकर्णाचे मात्र चौदा. ती जेवायला उतरत न्हाई, तास बुडवते, घरची पत्रं न फोडता उशीखाली ठेवते. बाईंकडं गेलं तर लोक येडी म्हणतील, वडलांना कळलं तर शिक्षण बंद होईल, ही तिची भीती. तिला काय सांगू?

लेकरांना पापा.

तुझी,
महानंदा

राणीसावरगाव
१० सप्टेंबर १९८७

चि. महानंदास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इकडं मूग निघाले. सासूबाईंचा गुडघा तसाच हाय.

मनकर्णाला सांग, चौदा म्हणजे नापास न्हाई. ताप बघायला आपण कपाळाला हात लावतो, तसा तो कागद. धाकटा झाला तवा मी बी चार महिने चुलीपुढं नुसती बसून ऱ्हायचे. सासूबाई म्हणल्या बाहेरचं हाय, अंगारा लावला. काय होतंय तुला, असं कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमच्या बाई इचारायल्यात, तर तिनं जावं.

सोमवारी पहिल्या एसटीनं येते. दोघी मिळून जाऊ म्हणावं. तवर एकटी बसू नको म्हणावं तिला.

तुझ्या वाटेकडं डोळे असलेली,
अक्का

परभणी
२८ सप्टेंबर १९८७

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

तू खोलीत आलीस तेव्हा मनकर्णा हसत भाकरी खात होती. तू तिच्याकडं बघितलंस, मग माझ्या उशीखालची आप्पांची पत्रं बघितलीस, आणि माझे केस विंचरायला बसलीस. चौदा माझे, हे मला सांगावंच लागलं न्हाई.

तू गेल्यावर बाईंकडं आणखी दोनदा जाऊन आले. त्यांनी सांगितलेल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू हायेत. एकदम बरं वाटायलंय असं न्हाई, पण काल आपणहून जेवायला उतरले.

आप्पांची पत्रं फोडली. तिन्हीत अभ्यासाचंच. माझ्या शिक्षणासाठी ते भाऊबंदांशी भांडले, आणि गेल्या साली माझे दोन विषय राहिले. ते मी घरात सांगितलं नव्हतं. आज सगळं लिहून आप्पा-अव्वाला धाडलं. पत्र टाकल्यावर पेटीपुढं बराच वेळ उभी होते.

लोभ हायच, तो तसाच असू दे.

महानंदा

सोनपेठ
१ ऑक्टोबर १९८७

चि. महानंदास आप्पाचे आशीर्वाद.

तुझं पत्र अव्वाला वाचून दाखवताना मला दोनदा थांबावं लागलं. विषय राहिले तर परत बसता येतं. तीन पत्रांत मी अभ्यास विचारला, तुझी तब्येत एकदाही विचारली न्हाई. ही चूक माझी. भाऊबंदांचं मी बघतो. गोळ्या मधेच सोडू नको.

रविवारी आम्ही दोघं येतो. तू बोल. मी मधे बोलणार न्हाई.

तुझे,
आप्पा