मासा का अडून बसला

रविवार, दिवेलागण

आज वडिलांबरोबर, अप्पांबरोबर तो परदेशी सिनेमा पुन्हा पाहिला. म्हातारा दोरी बांधून मासा आभाळातून ओढत नेतो आणि मासा मधेच थांबतो, तोच. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं बोलणं अडखळतं. घरात सगळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात, जणू ते बहिरेच झालेत. या सिनेमाची भाषा मात्र आमच्यात कुणालाच येत नाही. तिथं अप्पा मागं पडत नाहीत. म्हणूनच हा सिनेमा मला एवढा आवडतो का? हातवाऱ्यांनी आम्ही दोघांनी गोष्टही रचलीय: म्हातारा उपाशी आहे, म्हणून तो जेवेपर्यंत मासा अडून बसलाय.

आज बायकोनं, सुधानं, हौसेनं पडद्यावर खाली भाषांतराच्या मराठी ओळी लावल्या. "वाचा की आता, कळंल तरी!"

वाचलं. मासा म्हणे वाट चुकलाय. एवढंच? मी हिरमुसलो.

अप्पांनी त्या ओळींकडं बोट केलं आणि स्वच्छ म्हणाले, "सुळ्ळ!" आमच्या घरच्या कानडीत, खोटं. कितीतरी महिन्यांनी अख्खा शब्द! मग स्वतःच्या पोटावर हात ठेवून त्यांनी म्हाताऱ्याकडं बोट दाखवलं.

सुधानं ओळी बंद केल्या. ती अप्पांजवळ बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "मग मासा काय म्हणतोय, अप्पा?"