मांडव घालायचा राहिला

राणीसावरगाव

प्रिय सुमन,

तुझ्या तेराव्यानंतर वैष्णवी काल पहिल्यांदा माहेरी आली. परसातला भोपळा चिरता चिरता तिनं विचारलं, "आबा, काहीतरी चावलंय हे आईला कळलंच न्हाई का?" मी "न्हाई" म्हणून मान हलवली. म्हणून आज लिहायला बसलो.

भोपळ्याचा वेल तूच लावलास. चहूकडं कपाशीवर फवारण्या, मधमाशी औषधालाही दिसेना. मादी फुलाच्या बुडाची सुपारीएवढी भोपळी पिवळी पडून गळायची. मग तू दिवस उगवायच्या आधी नर फूल तोडायचीस, पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलात हलकेच फिरवायचीस. "माशीचं काम मलाच करावं लागायलंय," म्हणायचीस. पराग दिलेल्या फुलाला खूण म्हणून दोरा बांधायचीस.

वेल भुईवर पसरला होता. "मांडव घाला, पाय कुठं पडायलाय दिसत न्हाई," किती वेळा म्हणालीस? बांबू आणून ठेवले होते मी. आज करू, उद्या करू. एकदा तरी भांडायचं होतंस गं.

त्या सकाळी आत येऊन म्हणालीस, "घोट्याला काहीतरी टोचलं. गंगाखेडला दवाखान्यात दाखवू का?" मी पाहिलं. ना रक्त, ना सूज. "काटा असंल. चहा टाक," म्हणालो.

त्याच पायावर उभी राहून तू मला चहा करून दिलास, सुमन.

दोन तासांनी पोटात कळ आली. मग पापण्या उघडेनात. जीप मिळेपर्यंत जीभ जड झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मण्यार साप दिसतोय. लवकर आणायला पाहिजे होतं." मी म्हणालो, "ती बोललीच न्हाई हो." पुढं सगळ्यांना तेच सांगितलं. माझी चूक तुझ्या माथी मारली. बायका म्हणतात, "सुमन सगळं अंगावर काढायची." मी खाली बघून ऐकून घेतो.

तू दोरा बांधलेले सात भोपळे धरले. नंतर मीही नर फूल फिरवून पाहिलं. एकही टिकलं नाही.

वैष्णवी अंगणात ज्वारी निवडायलीय. हे पत्र संपलं की तिच्यासमोर बसून सांगणार आहे, तुझी आई दवाखान्यात चला म्हणाली होती आणि मी चहा मागितला. ती उठून सासरी गेली, पुन्हा या घरात आली नाही, तरी सांगणार. शब्द देतो.

तुझा,
दत्ता