सापाला दोरी म्हणणारे साहेब

तीर्थरूप बाबा,
लांबूनच पायांवर डोकं ठेवतो.

मी धडधाकट आहे, हे आधी आईला वाचून दाखवा. तिचा गुडघा कसा आहे?

तुमचा वेदान्त इथेही भेटला, पण काय अवस्थेत! आमच्या धुलाई कारखान्याचे साहेब एक पुस्तक वाचून ज्ञानी झालेत. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी तुटली होती. ती बदला म्हणून तीनदा सांगितलं, तर म्हणाले, "भीती म्हणजे अविद्या. तुम्ही लोक दोरीला साप समजता." उथळ पाण्याला खळखळाट फार!

काल माझ्या शेजारी काम करणाऱ्या मावशींचा हात त्या रोलरमध्ये गेला. दोन बोटं चिरडली. दवाखान्यात त्या कण्हत होत्या आणि हा गृहस्थ उशाशी उभा राहून सांगतो, "तुम्ही म्हणजे हे शरीर नव्हे."

मी म्हणालो, "साहेब, आम्ही दोरीला साप समजलो नव्हतो. तुम्ही सापाला दोरी म्हणालात."

ते फोन कानाला लावून निघून गेले.

पण बाबा, रोज सकाळी 'यंत्र ठीक' या कागदावर सही मीच करत होतो. आज केली नाही, म्हणून रोलर बंद आहे. नोकरी अजून आहे. आईला एवढंच सांगा.

साहेबांना अज्ञानी म्हणून मोकळं होता येतं. मला तर सगळं माहीत होतं. जाणूनबुजून सही करणाऱ्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात? उत्तर मवाळ करू नका.

तुमच्यापाशी शिकूनही कोरडा राहिलेला,
धाकटा