घरगाडीचा कान

आप्पा,

परवा रविवारी मी तुमच्या शेडमध्ये जाऊन आले. तुमच्या म्हणायची आपली सवय. शेड आता त्याची आहे, तुमच्या हाताखाली शिकलेल्या पठ्ठ्याची. सेनगावच्या रस्त्याला तीच पत्र्याची शेड, दारात तोच तेलानं काळा पडलेला मुरूम, आणि वर तीच पाटी. पाटी त्यानं मागच्या दसऱ्याला नव्यानं रंगवून घेतली, पण नाव तुमचंच ठेवलंय. मी रस्त्यात उभी राहून ते वाचलं. माझ्या नावापुढचं तुमचं नाव लग्नात गेलं, तिथं नवऱ्याचं आलं. त्याची तक्रार नाही, सगळ्यांचंच जातं. पण ज्याचं तुमच्याशी रक्ताचं काही नातं नाही त्याच्या दारावर ते पिवळ्या अक्षरांत झळकतंय, आणि तुमची एकुलती एक लेक ते येणाऱ्या-जाणाऱ्यासारखं रस्त्यावरून वाचतेय. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, तरी त्याच्यावरचा माझा जळफळाट काही गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला नवल वाटायला नको.

बोलावणं त्याचंच होतं. मी हिंगोलीत पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते हे त्याला ठाऊक आहे, पण आजवर त्याला माझी गरज पडली नव्हती. फोनवर म्हणाला, "ताई, एक अजब गाडी आलीय. गाडीत घर हाय का घरात गाडी, समजून न्हाई राहिलं. इंजनाला कान बसवायचाय म्हणतेत सर. वायरिंगचं आपल्याला जमत न्हाई, तुमी येता का?" मी दोनदा कारणं सांगितली आणि तिसऱ्यांदा हो म्हटलं. खरं सांगायचं तर, त्याला एखादी गोष्ट जमत नाही हे डोळ्यांनी बघायला मी गेले.

गाडी मात्र बघण्यासारखी आहे, आप्पा. तुम्ही असता तर दिवसभर जेवला नसता. पन्नासेक वर्षांपूर्वीची परदेशी पेट्रोल गाडी, मागं पलंग, एक बर्नरची शेगडी, हात धुवायला भांडं, आणि खिडक्यांना सरांच्या बायकोनं शिवलेले फुलाफुलांचे पडदे. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर इतिहास शिकवला, आता दोघांनी मिळून ही घरगाडी घेऊन देश हिंडायचा आहे. पण औंढ्याकडचा चढ लागला की इंजन ठोकायला लागतं. पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि पिस्टनच्या डोक्यावर आतल्या आत घण बसतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. गाडी चालवणाऱ्याला ते पडद्यांच्या आणि भांड्यांच्या खडखडाटात ऐकू येत नाही, आणि ऐकू येईपर्यंत पिस्टनला भोक पडलेलं असतं. म्हणून सरांनी नॉक सेन्सर मागवला. तो इंजिनाच्या अंगाला चिकटून बसतो, ठोका ऐकतो आणि वायरीतून एका डबीला कळवतो. डबी ठिणगी जराशी उशिरा पाडते आणि समोर लाल दिवा लावते. थोडक्यात, तुम्ही जे काम करत होता ते आता सुपारीएवढी एक वस्तू करते.

तुम्ही ते काम कसं करायचा ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी सहावी-सातवीत असेन. दुपारची सुट्टी झाली की आई डबा हातात देते आणि मी शेडकडे पळते. दारात जीप उभी, ड्रायव्हर लोक बाकावर चहा पीत बसलेले, आणि तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले. हातभर लांबीचा पेचकस; त्याचं लोखंडी टोक इंजिनावर टेकवलेलं आणि लाकडी मूठ तुमच्या दातांत. बाकीचे मिस्त्री पेचकस कानाला लावायचे, तुम्ही दातांत धरायचा. डोळे मिटलेले. इंजिन धडधडतंय आणि तुम्ही देवापुढं बसल्यासारखे स्तब्ध. मग मूठ तोंडातून काढून बोट दाखवायचं, "तिसरा." खोललं की तिसऱ्या सिलिंडरातच बिघाड निघायचा. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायची आणि माझी मान ताठ व्हायची. जिंतूर, रिसोडपर्यंतचे ड्रायव्हर तुमच्या त्या दातांसाठी यायचे.

मी दारातून हाक मारते, "आप्पा!" तुम्ही वळत नाही. पुन्हा मारते. वळत नाही. तिसऱ्यांदा सगळा बाक माझ्याकडे बघतो, फक्त तुम्ही बघत नाही. मग तो उठतो, हात पुसतो आणि तुमच्या खांद्यावर नुसता हात ठेवतो. आणि तुम्ही लगेच वळता! दर वेळी असंच. माझ्या तीन हाका एकीकडे आणि त्याचा एक हात एकीकडे. वर तुम्ही मला पाहिलं की तुमच्या कपाळाला आठी, "डबा ठिव अन् जा घरी." एकदा तुम्ही चहा पीत होता तेव्हा मी गुपचूप तो पेचकस उचलून दातांत धरला, इंजिनाकडे एक पाऊल टाकलं, तर तुम्ही माझ्या हातातून हिसकावून घेतलात. "दात पडतेल. हे तुझं काम न्हाई." चार लोकांसमोर. आणि त्याच दुपारी, मी अजून रस्त्यावर रडत उभी असताना, तोच पेचकस तुम्ही त्याला दिलात आणि त्याची मान धरून त्याला इंजिनावर वाकवलंत. आता इथं लाव, आता इथं. मी रस्त्याकडेच्या बाभळीखालून सगळं पाहत होते. त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणायचं सोडलं, ते आजतागायत.

नांदेडला होस्टेलवर निघाले तेव्हा तुम्ही मला शेडमधल्या फळीवरचा रेडिओ दिलात. मला वाटलं, वाऽ, लेकीला वापरलेला रेडिओ आणि त्याला पेचकस. मी रागानं तो पहिल्या महिन्यातच खोलून ठेवला, आणि खोलल्यावर पुन्हा जोडता जोडता जे शिकले त्यावर आज माझं पोट चालतं, ती गोष्ट वेगळी. आणि तुम्ही गेलात तेव्हा मडकं कुणी धरावं यावर भावकीत कुजबुज सुरू झाली. मी पुढं होणार तेवढ्यात आईनं त्याला मानेनंच पुढं हो म्हणून खुणावलं, आणि तो तुमच्यापुढं मडकं धरून चालू लागला. मी बायकांच्या घोळक्यात मागं राहिले. वांझोट्या रागाला काही अर्थ नसतो हे मलाही कळतं, पण तो असतो त्याला काय करायचं?

तर परवा. मी गेले तेव्हा त्यानं अर्धं काम करून ठेवलं होतं. त्या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे आहे, झाकण उचललं की समोरच. त्यानं बरोबर मधल्या दोन सिलिंडरांच्या मधली जागा निवडून बोल्ट आवळला होता. मी डबीची वायर जोडली आणि त्यानं सेन्सरच्या शेजारी हातोडीनं हलकेच टिचक्या मारल्या. दिवा लागेना. मी वायर तपासली, जोड तपासला, डबी तपासली. सगळं ठीक. सरांच्या बायकोनं त्यांच्या चिमुकल्या शेगडीवर केलेला चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. मग वाकून पाहिलं तर सेन्सरच्या खालून लाल कड डोकावत होती. यानं सेन्सर आणि इंजिन यांच्या मधे फायबरची चकती, त्याच्या भाषेत वायसर, घातलेला.

"हे काहून घातलं?" मी विचारलं. त्याच्यावर ओरडायची संधी मिळाली की माझ्या तोंडी सेनगावची बोली आपोआप येते.

"नाजूक चीज हाय, ताई. इंजनाचे दणके डायरेक लागले तं फुटून जाईल. म्हून जरा गादी दिली."

"दणके लागावेत म्हणूनच तर बसवतोय ना? मधे काहीच चालत नाही. खालचा रंगसुद्धा खरवडायचा, नागडं लोखंड पाहिजे. अंगाला अंग लागल्याशिवाय त्याला ऐकूच येत नाही."

त्यानं बोल्ट काढला, वायसर खिशात टाकला आणि पॉलिश पेपरनं रंग घासायला लागला. घासता घासता हसला. "म्हंजी हे आपल्या उस्तादावानीच हाय की."

"काय उस्तादावानी?"

"न्हाई, उस्तादाला तरी हात लावल्याबिगर कुठं ऐकू येत व्हतं?"

"ऐकू येत नव्हतं?" मी विचारलं. त्याचा हात थांबला. "ताई," तो म्हणाला, "तुमाला ठावंच न्हाई का? मला वाटलं, उस्ताद गेल्यावर तरी मावशीनं सांगितलं आसंल." मावशी म्हणजे आपली आई.

मग त्यानं सांगितलं. तुमचे कान लहानपणापासून वाहायचे. तो शेडमध्ये आला तेव्हा एक कान पुरता गेलेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. समोरचा माणूस तोंडासमोर बोलला तर ओठांवरून कळायचं, पाठीमागचं काही नाही. ड्रायव्हर काय तक्रार सांगतोय ते हा समोर उभा राहून तुम्हाला पुन्हा सांगायचा. इंजिन तुम्हाला कानानं कळतच नव्हतं. दातांतून, जबड्याच्या हाडातून कळत होतं. "बहिऱ्या मिस्त्रीकडं इंजन कोण आणंल? म्हून मला शपथ घातली व्हती. बाहिर न्हाई अन् घरातबी न्हाई."

"आणि मला घरी का हाकलायचे?"

"तुमी दारातून हाका मारायच्या ना. बाकावर गिऱ्हाईक बसलेलं असायचं. पोटच्या पोरीच्या हाकंला बाप वळत न्हाई म्हणल्यावर कुणाच्याबी ध्यानात आलं असतं. तुमी येताना दिसल्या की उस्ताद घाबरायचे. लई तकलीफ व्हती त्यायला."

इथं कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं, आणि माझ्याही आलं. तुम्ही वळत नव्हता असं नाही, तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. तीन काय, तीनशे हाका मारल्या असत्या तरी आल्या नसत्या. आई घरात कायम मोठ्यानं का बोलायची तेही कळलं. मला वाटायचं तिचा आवाजच भांडकुदळ. रेडिओ तुमच्या काही कामाचा उरला नव्हता, हेही कळलं. माझ्या मनातला तो सगळा हिशेब मी चुकीचा मांडून बसले होते. मग मत्सर जायला हवा होता की नाही? गेला नाही, आप्पा. उलट दुप्पट झाला. आईला ठाऊक होतं ते मी समजू शकते, नवरा-बायकोचं असतं. पण त्याला? तुमची सगळ्यात मोठी अडचण तुम्ही त्याच्या हातात दिलीत आणि मला रेडिओ दिलात. मी हाका मारण्याऐवजी धावत येऊन तुमच्या खांद्यावर हात ठेवला असता की! रोज ठेवला असता. मला कुणी सांगितलंच नाही की हात ठेवायचा असतो.

मी डोळे पुसले, बोल्ट स्वतः आवळला, फार नाही आणि कमी नाही, आणि सेन्सरला पुन्हा टिचकी मारली. दिवा लागला. सरांनी टाळ्या वाजवल्या. पण खरी परीक्षा ठोक्याची. ठिणगी लवकर पडून ठोका यावा म्हणून त्यानं इंजिनाचा टायमिंग मुद्दाम थोडा पुढं केला, चाकांना दगड लावले, सरांना गाडी गिअरमध्ये टाकून क्लच अर्धा सोडायला सांगितला, म्हणजे इंजिनाला चढावर असल्यासारखा जोर पडतो. मग फळीवरून काही तरी काढून माझ्यापुढं धरलं. तुमचा पेचकस. मुठीवर दातांचे व्रण, एकावर एक पडलेले. त्यांतले तुमचे कुठले आणि त्याचे कुठले ते काही ओळखू येईना. "धरा, ताई," तो म्हणाला, "आता कोण हिसकावून घेत न्हाई." म्हणजे त्यालाही ती दुपार आठवत होती.

मी टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. लाकडाला अजून तेलाची चव आहे. सरांनी ॲक्सिलरेटर दाबला, घरगाडी दगडांना रेटत थरथरली, मागं भांडी वाजली, क्षणभरानं लाल दिवा लुकलुकला आणि डबीनं आपलं काम केलं. इंजिनाचा ठोका थांबला. सरांच्या बायकोनं गाडीला हळद-कुंकू लावलं. संध्याकाळच्या जीपनं मी हिंगोलीला परत आले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. हाका मारण्याऐवजी मी तेव्हाच चिठ्ठ्या लिहायला हव्या होत्या, ते राहून गेलं म्हणून आज बसले, इतकंच. घडी घालून रेडिओच्या मागच्या झाकणात ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. इंजिन बंद झाल्यावर तो माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होता. "आलं का काई ऐकू, ताई?" मी पेचकस त्याच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "न्हाई. नुसती थरथर." त्याचा चेहरा उतरला. आप्पा, मला आलं होतं ऐकू. दिवा लागायच्या आधीच, कानात नाही, कपाळाच्या आत, अगदी साफ. दुसरा सिलिंडर ठोकत होता. तुमचं एक गुपित त्यानं इतकी वर्षं माझ्यापासून जपलं. हे एक मी त्याला सांगणार नाही.