बाबांच्या टाकीतले मासे

ती. आईस लेकीचा दुरून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. काम तेच. प्रवाळातले मासे चिरायचे आणि पोटात काय निघतं ते लिहून ठेवायचं. छोट्यांच्या पोटात प्लास्टिक निघतं. पट्टेवाल्या काटेरी माशाच्या पोटात हे छोटेच निघतात. तो मूळचा इथला नाही. कुणीतरी घरच्या टाकीतले चार मासे दया येऊन समुद्रात सोडले, त्यांची ही पिलावळ. छोट्यांना तो परका कळतच नाही, म्हणून ते पळत नाहीत.

बाबा गेल्यापासून त्यांची टाकी बघवत नाही, मासे खाडीत सोडते, असं तू लिहिलंस. सोडू नकोस. वाटल्यास काचेवर टॉवेल टाक. मात्र सकाळी त्यांना खाणं घालशील तेव्हा तूही दोन घास खा. दादाने कळवलंय मला.

गुडघा कसा आहे?

तुझी,
धाकटी