मोरी कुठे आहे?

खडकी, रविवार

प्रिय मुक्ता,

आधी फक्त घडलं ते लिहिते.

१. हडपसरला वस्तीतल्या रहिवाशांना नव्या इमारतीचं नमुना घर दाखवलं, त्या दिवशी तू विचारलंस, मोरी कुठे आहे.
२. मी सांगितलं, मोरी नाही, सिंक आहे.
३. त्याच नमुन्याची घरं कारखान्यात तयार झाली, ट्रेलरवरून आली, क्रेनने एकमेकांवर बसवली. तुम्ही राहायला आलात.
४. तुमच्या स्वयंपाकघरात सांडलेलं पाणी जमिनीच्या सांध्यातून खालच्या मजल्यावर महिपतीकाकांच्या घरात उतरलं.
५. तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्याच ओल्या जमिनीवर तुझी आई, इंदुमावशी, घसरली. मांडीचं हाड मोडलं.
६. आमच्या कंपनीने जिन्यात नोटीस लावली : गळती रहिवाशांच्या गैरवापरामुळे आहे, दुरुस्ती त्यांनीच करावी.
७. त्या नोटिशीला तांत्रिक अहवालाचा आधार लागतो. तो मी लिहायचा आहे.

एवढंच लिहून कागद पाकिटात घातला होता. मग पुन्हा काढला. सातही ओळी खऱ्या आहेत, पण पहिल्या दोन वाचून कुणालाही वाटेल की एका अनोळखी बाईने प्रश्न विचारला आणि एका इंजिनिअरने उत्तर दिलं. मला फोनवर हे बोलता आलं नसतं. तू 'हो मॅडम' म्हणाली असतीस आणि मला पुढे काही सुचलं नसतं.

त्या दिवशी तू मार्केट यार्डातून थेट आली असणार. ओढणीला शेवंतीच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. मी तुला लांबूनच चालीवरून ओळखलं आणि आमचे साहेब, शौनक सर, यांच्या मागे सरकले. तूही मला ओळखलंस. तुझं तोंड 'नंदे' म्हणायला उघडलं होतं, ते मला दिसलं. मी तुझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाले, ''आपली काही शंका आहे का?'' तू माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलंस, तोंड मिटलंस, आणि मग अगदी परक्या आवाजात विचारलंस, ''मॅडम, मोरी कुठंय?'' मी सिंक दाखवलं. ''ह्याच्यात हंडा बसतो का?'' मी म्हणाले, हंडा लागणारच नाही, नळाला दिवसभर पाणी असेल. ''नळाला दिवसभर असो नाहीतर जन्मभर, हंड्यातलं शिळं पाणी सकाळी ओतायचं कुठं? का तुमच्याकडे हंडा उभ्यानं घासतात?'' बायका हसल्या. शौनक सरही हसले. मी म्हणाले, ''आपण सूचना लिहून पेटीत टाका.'' तू विचारलंस, ''पेटी कुठंय?'' पेटी आणायची राहून गेली होती. ''मोरी नाही, पेटी नाही, चहा तरी आहे का?'' असं म्हणून तू मागे गेलीस, आणि चहा न घेता निघून गेलीस.

आमच्याकडे हंडा कसा घासतात ते तुला ठाऊक आहे. आई अजूनही बाथरूममध्ये पाट टाकून बसते आणि चिंचेने तांब्याचा हंडा घासते. त्या दिवशी सकाळी तिचा हंडा होईपर्यंत मी अंघोळीसाठी दाराबाहेर थांबले होते. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. ते देण्यापेक्षा तुला 'आपण' म्हणणं सोपं वाटलं. सगळ्यात वाईट हे, की तूही मला सांभाळून घेतलंस. एकदाही नावाने हाक मारली नाहीस. तुझ्या 'मॅडम'मध्ये टोमणा होता, तरी माझं गुपित तू माझ्याहून नीट राखलंस.

यापुढचं तुला माहीत नाही. मोरी मी काढली. पहिल्या आराखड्यात ती होती, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आपल्याकडे असायची तशीच. कारखान्यात घर करताना जमीन लोखंडी साच्यात ओतावी लागते. मोरीसाठी तो कोपरा खोल करायचा, म्हणजे सळयांची मांडणी बदलते. शिवाय समोरासमोरच्या घरांत मोरी उजवी-डावी होते, म्हणून साचे दोन लागतात. मोरी काढली की सगळ्या घरांना एकच साचा पुरतो. सिमेंट कमी, पाणी कमी, वाया जाणारा माल जवळजवळ नाही. हे सगळं मी बैठकीत मांडलं आणि ते सगळं खरं होतं. शौनक सरांनी एकच विचारलं, ''यांना चालेल का?'' त्या खोलीत वस्तीत राहिलेलं माणूस मी एकटीच होते आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, ''सवयीचा प्रश्न आहे, सर. बदलेल.'' मग सगळ्यांनी माना हलवल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. तू मला नंदीबैल म्हणायचीस ते आठवलं, पण खूप नंतर.

'यांना' हा शब्द मी ऐकून घेतला, हे मला विसरता येत नाही. वस्तीत तुझं दार आणि आमचं दार यांच्यामध्ये एकच मोरी होती. पहाटेचा पहिला हंडा तुमचा, दुसरा आमचा, आणि उलटं झालं की दोघींच्या आयांचं अस्सल वऱ्हाडीतलं भांडण. दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी त्याच मोरीत तू माझ्या केसांवर पाणी ओतलंस. शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणून मी ओरडले, तर म्हणालीस, ''आत्ताच रडून घे, पेपरात रडू नको.'' मग बाबांना दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही खडकीच्या क्वार्टरमध्ये आलो. मी पुन्हा तिकडे आले नाही. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, मूळच्या कुठल्या? वाशीम. राहता कुठे? खडकी. मधलं, वस्तीतलं, कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या आराखड्यातली मोरी पाहिली तेव्हाही मला आधी साचा दिसला नाही. आपली दोन दारं दिसली. साच्याचा हिशोब मी नंतर मांडला.

बुधवारी संध्याकाळी मी इस्पितळात गेले होते. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मावशीने मला लगेच ओळखलं. ''नंदे, तू वं? जेवली काय?'' पायाला वजन बांधलेलं, आणि विचारते जेवली काय. मी काय काम करते, हे तिला कळलेलं दिसत नाही. तू सांगितलं नाहीस. तिने मला घराचंच कौतुक ऐकवलं. भिंती किती गुळगुळीत, मे महिन्यात पंखा लावावा लागला नाही, धूळ नाही. ते खरंच आहे. त्या भिंतींच्या पोटात उष्णता अडवणारा थर आहे, तोही माझ्याच आराखड्यातला. मग म्हणाली, ''माहीच चूक हाय माय. एवढं चांगलं घर देल्लं लोकायनं, आपल्यालेच राहाता येत नाही. हंडा खाली घासाले बसली अन् पडली.'' मला तिथे बोलायला हवं होतं. मी मोसंब्यांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तू यायच्या आत जिन्याने उतरले. लिफ्टने उतरले असते तर तू समोर आली असतीस. घरी आईने विचारलं, एवढी उशिरा कशी? मी म्हणाले, साइटवर होते. आईला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं की ती दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन मावशीकडे जाईल आणि तिला सगळं कळेल.

आता अहवाल. तुमच्या जमिनीचा सांधा पुसण्यापुरत्या पाण्यासाठी भरलेला आहे, रोज हंडा ओतण्यासाठी नाही. त्यामुळे 'गैरवापर' लिहिणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. कुणी मला खोटं लिहायला सांगितलेलं नाही. शौनक सर एवढंच म्हणाले, ''राजनंदिनी, कुणाचा आक्षेप तर नव्हता ना तेव्हा?'' मी काहीच बोलले नाही. ते त्यांनी 'नाही' असं धरलं. हा अहवाल तसा गेला तर तुमची दुरुस्ती तुमच्याच गळ्यात पडेल. आणि दुसरी इमारत, पत्र्याच्या शेडमध्ये अजून वाट बघणाऱ्यांची, तीही त्याच साच्यातून निघेल. तिचं ओतकाम अजून सुरू झालेलं नाही. साचा बदलता येतो. तुमच्याकडे आहे त्या जमिनीवर कठडा घालून उंच मोरी बांधता येते. पाणी काढायला बाथरूमच्या भिंतीत एक भोक पाडावं लागेल. ते कुठे पाडलं तर भिंतीला धोका नाही, ते मी आखून देईन.

मी हे पत्र माफी मागायला लिहायला बसले नव्हते. माफी मागायची असेल तर ती इंदुमावशीची, आणि तिच्यासमोर उभं राहून. लिहिते आहे ते यासाठी, की अहवालात मला एक वाक्य घालायचं आहे : ओतकामाआधी नमुना घरात एका रहिवाशाने मोरी मागितली होती, आणि ती मागणी मी, या अहवालाची लेखिका, बाजूला सारली. त्या वाक्यात नाव असेल तर ते टिकेल. नाव नसेल तर असं कुणी म्हणालंच नव्हतं असं म्हणता येईल, कारण पेटी नव्हती आणि तिथे काही टिपून घ्यायचं काम माझंच होतं. पण नाव लिहिलं की कंपनीची माणसं तुझ्या दारात येतील, आणि घर तुझ्या नावावर होणं अजून बाकी आहे, हे मला माहीत आहे. तेव्हा तुझ्या नावाचं काय करायचं, हे तुला न विचारता मी दुसऱ्यांदा ठरवणार नाही. नमुना घरात ते घेतलं नाही, तेही तुला न विचारताच. तू नको म्हणालीस तरी 'गैरवापर' हा शब्द माझ्या सहीखाली जाणार नाही. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते माझं मी बघेन, त्याचा विचार करून उत्तर देऊ नकोस. पत्र मार्केट यार्डातल्या तुझ्या फुलांच्या गाळ्यावर पाठवते आहे, म्हणजे ते तूच उघडशील. शुक्रवारी सकाळी अहवाल द्यायचा आहे. तुझं नाव लिहू की नको, एवढंच गुरुवार संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
मोरीपलीकडची नंदी